अडीच फुटी इतिहास

कर्णिक सरांनी कुणावर आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. खालापूरच्या एकाच शाळेत आम्ही बावीस वर्षं होतो. ते इतिहास शिकवायचे, मी मराठी. त्यांच्या हातात छडी नसायची, तोंडात वावगा शब्द नसायचा. तरीही त्यांच्यासमोरून उठणारा माणूस, बसला होता त्यापेक्षा लहान होऊन उठायचा. "पुरावा काय?" एवढंच ते विचारायचे. तेही हळू, मान जराशी कलती करून, कुठे दुखतंय असं डॉक्टरनं विचारावं तसं.

त्यांचा विषय एकच होता. खालापूरच्या पलीकडे डोंगराच्या आडोशाला लष्कराचा दारूगोळ्याचा डेपो आहे. त्या डेपोत एके काळी वाफेच्या इंजिनाची छोटी रेल्वे चालायची. मोठ्या लाइनवरून आलेल्या पेट्या छोट्या डब्यांत भरून डोंगरात खोदलेल्या कोठारांपर्यंत न्यायच्या, एवढंच तिचं काम. वळणं इतकी अवघड की मोठे रूळ बसायचेच नाहीत, म्हणून दोन रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. ठिणगी उडू नये म्हणून इंजिनाच्या धुराड्यावर तारेची जाळी. कोठारांच्या अलीकडे एक लाल पाटी होती, तिच्या पुढे इंजिनाला बंदी. इंजिन पाटीपाशी थांबायचं, माणसं थांबायची नाहीत. तिथून पुढे डबे हातानं ढकलत न्यायचे. ढकलणारे बहुतेक आसपासच्या वाड्यांवरचे कातकरी.

सरांचं लहानपण डेपोच्या कुंपणालगतच्या घरात गेलं. शाळा सुटली की तारेला नाक लावून ते इंजिन बघत उभे राहायचे. पुढे सैन्यात जायचं म्हणून अर्ज केला, तर डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, त्यांच्या बायकोनं सांगितलं. मग ते मास्तर झाले, कर्जतला दहिवलीत घर बांधलं, आणि रविवार आला की टेप, वही आणि छत्री घेऊन त्या उखडलेल्या रेल्वेच्या वाटेवर हिंडायला लागले. रूळ कधीच भंगारात गेले होते. सर त्या वाटेवरच्या, रुळांखालून पाणी जाणाऱ्या मोऱ्या मोजायचे. कुणाच्या गोठ्याला तुळई म्हणून त्या रुळाचा तुकडा लावलेला दिसला तर मालकाला न विचारता आत शिरून त्याची जाडी घ्यायचे. एकदा एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय शोधताय, गुरुजी?" सर म्हणाले, "तुमच्या वडिलांनी चोरलेला माल." म्हातारा हसला, कारण सर हसून बोलले होते. सरांनी मात्र ते वहीत त्याच्या नावासकट लिहून घेतलं.

वर्गात ते शिकवायचे फार छान, हे मान्य करायलाच हवं. वाफ कशी कोंडते, दट्ट्या कसा ढकलला जातो, चढावर इंजिन कसं धापा टाकतं, हे ते तोंडानं आवाज काढून सांगायचे. डोळे मिटले तर खरंच इंजिन आल्यासारखं वाटायचं. पण त्याच वर्गात एका मुलीनं विचारलं, "सर, म्हणजे माथेरानच्या गाडीसारखी?" सर म्हणाले, "तू उभी राहा. माथेरानची गाडी हवा खायला जाते. ही युद्धाला जायची. दोन्हींतला फरक कळेपर्यंत उभी राहा." ती मुलगी तो तास उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, कळला का. ती घाबरून काहीच बोलली नाही, तेव्हा परत उभी राहिली. हे आठवडाभर चाललं. शेवटी तिच्या आईनं येऊन हात जोडले, तेव्हा सर आश्चर्यानं म्हणाले, "मी कुठे शिक्षा केली? ती विचार करत होती."

त्यांच्या बायकोचं नाव सुधाताई. हसरी, गप्पिष्ट बाई. एकदा आम्ही चार शिक्षक त्यांच्या घरी जेवायला गेलो होतो. वाढता वाढता सुधाताई सांगायला लागल्या, की लग्न होऊन आल्या त्या वर्षी सासूबाईंबरोबर कुंपणापाशी गेल्या होत्या, आणि ते इंजिन धूर सोडत समोरून गेलं. ड्रायव्हरनं नव्या नवरीला बघून शिट्टी दिली. सांगताना त्या लाजल्यासुद्धा. सरांनी हातातला घास खाली ठेवला.

"आपलं लग्न झालं तेव्हा इंजिन बंद पडून दोन वर्षं झाली होती," ते म्हणाले. "तू दुसरं काही पाहिलं असशील. रस्त्याचा रोलर वगैरे."

"अहो, मला आठवतंय चांगलं. सासूबाई पण होत्या."

"आई आता नाही. म्हणजे पुरावा नाही." त्यांनी आमच्याकडे बघून स्मित केलं. "माणसाची आठवण ही अशी असते. म्हणून मी कागदावर जातो."

सुधाताई आत गेल्या त्या ताक घेऊनच बाहेर आल्या. त्यानंतर मी त्या घरी कितीदा तरी गेले. काल पाऊस पडला का, एवढं जरी विचारलं, तरी सुधाताई आधी सरांच्या तोंडाकडे बघायच्या.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी सरांनी पुस्तक लिहायला घेतलं. डेपोच्या साहेबांनी जुनी कागदपत्रं बघायची परवानगी दिली. जुनं इंजिन रंगवून दरवाजाजवळ चौथऱ्यावर बसवायचं आणि शेजारच्या फलकावर सरांनी लिहिलेला मजकूर कोरायचा, असंही ठरलं. सरांचा हा आयुष्यातला सर्वांत मोठा आनंद होता. मला मराठी टायपिंग येत होतं, म्हणून शाळा सुटल्यावर संगणकाच्या खोलीत बसून मी त्यांचं हस्तलिखित टाइप करायचे. पहिल्याच पानावर एक वाक्य होतं: 'या लोहमार्गाच्या संपूर्ण इतिहासात एकही प्राणघातक अपघात घडला नाही.' ते वाक्य त्यांनी मला दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. फलकाची सुरुवातही त्यानंच व्हायची होती.

पुस्तकाची बातमी फिरली आणि एका दुपारी बुधीबाई वाघमारे शाळेत आली. वय साठीच्या आसपास, सडपातळ, अनवाणी. डोंगराच्या वाडीवरून चालत आली होती. तिची नात आमच्याकडे आठवीत होती, तिच्याकडून तिला कळलं होतं. शिक्षकांच्या खोलीत दाराशी उभी राहून ती म्हणाली, "गुरुजी, तुमी त्या गाडीचं लिवताय ना. माजा नवरा तितंच मेला. त्याचं नाव लिवा."

सरांनी वर पाहिलं. "नाव काय?"

"गोमा. गोमा वाघमारे. आकडा लावायला दोन डब्यांच्या मदी गेला आनि डबे मागं आले."

"पुरावा काय?"

तिला शब्द कळला नाही. मी समजावून सांगितलं, कागद, फोटो, काहीतरी. ती म्हणाली, "कागद कुटला, बाई. मी हाय की."

"तू आहेस हा तुझा पुरावा झाला," सर म्हणाले. "त्याचा नाही."

ती गेली आणि आठ दिवसांनी परत आली. रेशनकार्ड घेऊन आली, त्यात गोमाचं नाव नव्हतं. मग वाडीतल्या एका म्हाताऱ्याला घेऊन आली, तर सरांनी त्याला विचारलं, "तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं?" तो म्हणाला, पाहिलं नाही, पण प्रेत वाडीवर आणलं तेव्हा खांदा दिला. सर म्हणाले, "मग तुम्ही प्रेताचे साक्षीदार. अपघाताचे नाही." प्रत्येक वेळी सर तिला नीट, शांतपणे काहीतरी नवं आणायला सांगायचे. एकदा मी त्यांना म्हटलं, "सर, एक ओळ लिहिली तर काय बिघडेल?" ते म्हणाले, "मोहिते बाई, कवितेत चालतं ते. तुम्ही कविता शिकवा."

सहाव्या खेपेला तिनं पदराच्या गाठीतून एक पितळी बिल्ला काढला. वर नंबर ठोकलेला. डेपोत मजुरांना असे बिल्ले मिळायचे. तो गोमाच्या कमरेला होता. सरांचे डोळे चमकले. त्यांनी डेपोतून उतरवून आणलेल्या हजेरीच्या जुन्या नोंदी काढल्या, बोट फिरवलं, आणि हा नंबर एका गवंड्याचा असल्याचं तिला वाचून दाखवलं. तो गवंडी धडधाकट निवृत्त झाला होता.

"म्हणजे हा बिल्ला तुझ्या नवऱ्यानं उचललेला आहे," सर म्हणाले. "सरकारी वस्तू आहे. इथेच ठेव."

बुधीबाईनं बिल्ला टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "इब्राहिमला विचारा. कर्जतचा इब्राहिम फायरमन. तो होता त्या दिवशी इंजिनावर."

इब्राहिमचाचा तेव्हा सत्तरीचे होते. कर्जतच्या बाजारात त्यांच्या मुलाचं हार्डवेअरचं दुकान होतं, वर घर. सर आणि मी गेलो. माझ्या मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. चाचा आधी इंजिनाबद्दल खुशीनं बोलत होते. कोळसा कसा पसरून टाकायचा, उतारावर ब्रेक कसा धरायचा. सरांनी गोमाचं नाव काढलं, तसा त्यांचा आवाज खाली आला.

"होता ना. चांगला पोरगा होता," ते म्हणाले. "पावसाळ्याचे दिवस. धुकं होतं. गाडी मागं घ्यायची होती. माज्या बाजूनं बघायचं काम माजं. गोमा आत शिरला होता आकडा लावायला. मला वाटलं, निघाला भायेर. मी ड्रायवरला बोललो, चल." "आवाज पन नाय आला त्याचा. ठेकेदारानं दुपारच्याला ट्रकात घालून वाडीवर पोचवला. हजेरीत त्याचं नावच नवतं. ठेकेदार सुटून गेलेल्या मानसांचे बिल्ले या पोरांना द्यायचा. तो बोलला, आपल्या कागदात असा मानूस नायच, तर मेला कोन?"

मी सरांकडे पाहिलं. मला वाटलं, झालं, बुधीबाईचं काम झालं. बिल्ल्याचाही उलगडा झाला. सरांनी सगळं टिपून घेतलं, पेन बंद केलं आणि मान कलती केली.

"मग इब्राहिमभाई, मी असं लिहितो," ते म्हणाले. "फायरमन इब्राहिम यांनी चुकीचा इशारा दिल्यामुळे एक मजूर चिरडून ठार झाला. तुमचं पूर्ण नाव घालावं लागेल. पुस्तक डेपोत जाईल. तुमची नातवंडं ज्या शाळेत आहेत तिथल्या वाचनालयातही जाईल."

चाचांची सून चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. चाचांनी तिच्याकडे पाहिलं.

"ते काढून टाका, सर."

"काढून कसं टाकू? घडलं असेल तर लिहायलाच हवं. घडलं का?"

चाचांनी सुनेला ट्रे खाली ठेवायची खूण केली.

"घडलं नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"हां."

"हां म्हणजे काय? रेकॉर्डिंग चालू आहे. स्पष्ट सांगा."

"नाय घडलं," इब्राहिमचाचा म्हणाले.

सरांनी चहा घेतला, चांगला झालाय असं सुनेला सांगितलं. परत जाताना उल्हास नदीच्या पुलावरून दहिवलीकडे आम्ही चालत निघालो. सर खुशीत होते. पुलाच्या मधोमध ते दोन मिनिटं उभे राहिले आणि मला त्यांनी चढावरच्या इंजिनाचा आवाज काढून दाखवला. मी हसले. आज ते हसणं आठवलं की माझी मलाच शिसारी येते. तेव्हा मी काही बोलले नाही याचं कारण मोठं नाही. मीही त्यांच्यासमोर लहान होणाऱ्यांपैकीच होते. घरी जाऊन त्यांच्या सांगण्यावरून मी ते रेकॉर्डिंग पुसलं.

सातव्या खेपेला बुधीबाई आली तेव्हा सरांनी तिला सांगितलं, "तुझा साक्षीदार म्हणतो, असं काही घडलंच नाही." "इब्राहिम असं बोलला?" तिनं मला विचारलं. मी होकाराची मान हलवली. ती जायला निघाली, मग वळून म्हणाली, "म्हातारा झालाय तो. इसरला असंल."

प्रकाशन डेपोतच झालं. हिरव्या रंगात चमकणारं इंजिन, झेंडे, प्लास्टिकच्या खुर्च्या. आत एका काचेच्या कपाटात जुन्या वस्तू मांडल्या होत्या. त्यात तो पितळी बिल्लाही होता, खाली त्या गवंड्याच्या नावाची चिठ्ठी. आमच्या शाळेच्या मुलांना बोलावलं होतं, म्हणून नातीबरोबर बुधीबाईही आली होती. शेवटच्या रांगेत, धुवट लुगडं नेसून. सरांनी भाषणाच्या सुरुवातीला आपलं ते वाक्य म्हटलं. टाळ्या पडल्या. 'प्राणघातक' हा शब्द तिला कळला नसावा, कारण सगळ्यांबरोबर तिनंही टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर ती मला शोधत आली. "बाई, आलं का त्याचं नाव?"

माझ्या हातात पुस्तक होतं. मी म्हटलं, "या वेळी राहिलं. पुढच्या वेळी येईल."

"कवा?"

"पुस्तक संपलं की परत छापतात. तेव्हा."

"बरं," ती म्हणाली. नातीला तिनं सांगितलं, "पुडच्या वेळी हाय."

ती वाट बघत तीन वर्षं जगली. मध्ये दोनदा भाजी विकायला खालापूरच्या बाजारात आली तेव्हा पुस्तकं संपली का म्हणून विचारून गेली. दुसऱ्या खेपेला मी तिला बघून गल्ली बदलली. तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात तापानं ती गेली. त्याच वर्षी इब्राहिमचाचाही गेले.

मग एके दिवशी सरांचा फोन आला. आवाज मी कधी ऐकला नव्हता असा. मी दहिवलीला गेले. टेबलावर एक पत्र पडलं होतं. एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्यानं त्यांचं पुस्तक वाचलं होतं. तरुणपणी त्याची नेमणूक त्याच डेपोत होती. त्यानं लिहिलं होतं, पुस्तक उत्तम आहे, पण पहिलंच विधान चूक आहे. धुक्याच्या एका सकाळी दोन डब्यांमध्ये सापडून एक आदिवासी मजूर माझ्यासमोर मेला. चौकशी व्हावी म्हणून मी लिहिलं होतं, वरून ते दाबलं गेलं. नाव मला आठवत नाही, आपण अभ्यासक आहात, शोधून काढावं.

"पहिलंच विधान," सर म्हणाले. त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं. "फलकावर कोरलंय ते, मोहिते बाई. चूक कोरलीय." मग त्यांनी वहीची पानं उलटायला सुरुवात केली. सगळं होतं त्यांत, मोऱ्यांची मापं, रुळांची जाडी, चोरलेल्या तुळया. गोमाचं नाव त्यांनी लिहूनच घेतलं नव्हतं. इब्राहिमचाचांकडे टिपलेलं पान त्यांनी स्वतः फाडलं होतं. "काय होतं हो नाव त्याचं?" त्यांनी विचारलं. "तुम्हाला आठवत असेल."

मला आठवत होतं. मी म्हटलं, "वाडीवर जाऊन विचारा."

सुधाताई आतल्या दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि या वेळी सरांच्या तोंडाकडे न बघता म्हणाल्या, "मोहिते बाईंना घेऊन जा. वाट चढाची आहे."

दोन दिवसांनी आम्ही गेलो. टेंपोनं पायथ्यापर्यंत, पुढे चालत. सरांना दम लागत होता, चार ठिकाणी बसले. डेपोच्या कपाटातला तो बिल्लाही त्यांनी आणला नव्हता, हातात फक्त वही आणि पेन. बुधीबाईची मुलगी जनी अंगणात काटक्या मोडत होती. बाप मेला तेव्हा ती आईच्या पोटात होती. खालच्या फार्महाऊसवर झाडलोटीला जायची. तिनं आम्हाला ओळखलं, घोंगडी टाकली, तांब्याभर पाणी दिलं.

सर पाणी प्यायले आणि त्यांनी पत्राबद्दल सांगितलं. आता पुरावा मिळाला आहे, दुसरी आवृत्ती निघते आहे, तिच्यात नाव घालू, फलकही बदलू. जनीनं सगळं ऐकून घेतलं.

"तुमच्या वडिलांचं नाव सांगा," सर म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं.

"माजी आई सात वेळा आली तुमच्याकडं," जनी म्हणाली. "एका टायमाला मी पन होती, फाटकाशी उभी. तिनं नाव सांगितलं तुमाला. परत्येक वेळी सांगितलं."

"हो, पण तेव्हा..."

"तवा तुमाला नको होतं. आता तुमचं पुस्तक चुकलं, म्हनून पायजे."

सर म्हणाले, "बाई, हे तुमच्या वडिलांसाठीच आहे. त्यांचं नाव कायमचं राहील."

"आमच्यात हाय ते," जनी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "माज्या पोराला ठेवलंय त्याचं नाव. तुमाला नाय देनार."

आजूबाजूला दोनचार माणसं जमली होती. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. एका म्हाताऱ्याला त्यांनी ओळखलं, ज्यानं खांदा दिला होता तोच. "तुम्ही तरी सांगा," सर म्हणाले. म्हाताऱ्यानं जनीकडे पाहिलं आणि तो आपल्या खोपटाकडे निघून गेला. बाकीचेही एकेक करून गेले. जनीनं तांब्या उचलला, उरलेलं पाणी कोंबड्यांच्या भांड्यात ओतलं आणि परत काटक्या मोडायला बसली.

आम्ही उतरलो. पायथ्याशी टेंपोची वाट बघत आम्ही दगडावर बसलो. ऊन उतरलं होतं. सरांनी वही मांडीवर उघडली.

"तुम्हाला ठाऊक आहे," ते म्हणाले.

"हो."

पेनाचं टोक कागदावर टेकलेलं होतं, तिथे शाईचा ठिपका पसरत चालला होता. मी रस्त्याकडे बघत राहिले. टेंपो आला, मी चढले. सर उठले नाहीत. ड्रायव्हरनं दोनदा हाक मारली, "काका, येताय का?" त्यांनी हातानंच जा म्हणून खूण केली. टेंपो वळला तेव्हा मागे पाहिलं, तर ते तसेच बसले होते, मान डोंगराकडे करून, गुडघ्यावर उघडी वही.